हजेरीचा पट आणि हिरवा दिवा

शाळेंत ३६ वर्षें आम्हीं हजेरी घेतली. सकाळची हजेरी दुपारचें सत्य सांगत नाहीं, हें आम्हांस एका विद्यार्थ्यानेंच शिकविलें. पटावर तो ‘हजर’ होता आणि देहानें नदींत पोहत होता. परवां त्याची आठवण अगदीं अकल्पित कारणानें झाली.

आमचा पुतण्या एका कचेरींत स्टोरेज नेटवर्कची देखरेख करतो. सर्व्हर आणि डिस्कांनीं भरलेल्या पेट्या यांस फायबर चॅनेलच्या स्विचांनीं जोडणारें तें जाळें. त्यावर नजर ठेवणारें एक सॉफ्टवेअर असतें. सर्व ठीक असल्यास पडद्यावर हिरवा दिवा, बिघडल्यास तांबडा. पगाराच्या आदल्या रात्रीं जाळ्यांतील दोन मार्गांपैकीं एक तुटला. पडदा मात्र हिरवाच! दुसऱ्या मार्गानें काम निभावलें. तोहि तुटला असता, तर शेंकडों घरांत पगार वेळेवर पोंचला नसता.

“काका, पडदा खोटें बोलला,” पुतण्या म्हणाला.

“खोटें नव्हे रे, शिळें बोलला,” आम्ही म्हणालों.

त्याचें कारण असें. येथें मुदती दोन असतात. सॉफ्टवेअर यंत्रास ‘कसें काय?’ म्हणून विचारतें, ती पोलिंगची मुदत. आणि मिळालेलें उत्तर वहींतून पडद्यावर पुन्हां मांडतें, ती रिफ्रेशची. पुतण्यानें दुसरी मुदत १० सेकंदांवर आणली होती. पहिली १५ मिनिटांवर तशीच राहिली होती. मुलगा खिडकींतून पसार झाल्यावर गुरुजींनीं पट दहा वेळां उघडला, तरी त्यावर ‘हजर’च दिसणार!

मग क्षणोक्षणीं यंत्रासच कां विचारूं नये? तर तापकऱ्यास दर पांच मिनिटांनीं उठवून ताप मोजला, तर त्यास झोंप कशी लागावी? प्रत्येक प्रश्नाचें उत्तर देण्यांत स्विचचीहि शक्ति खर्च होते. म्हणून १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एस्.एन्.एम्.पी. या नियमावलींत यंत्रानें आपण होऊन वर्दी देण्याची सोय केली आहे. तिला ट्रॅप म्हणतात. परंतु ट्रॅपची पोंच मिळत नाहीं. वाटेंत हरवला तर कोणास पत्ताहि लागत नाहीं. म्हणून वर्दी आणि विचारपूस, दोन्ही हवींत.

मोजणीची गोष्टहि तशीच. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढें शून्यावर येतो. सेकंदास एक गिगाबिट वेगानें बाइट मोजूं लागल्यास तो ३४ सेकंदांतच भरतो. दर पांच मिनिटांनीं तो वाचणाऱ्याचा हिशेब चुकणारच. तेथें ६४ बिटांचा गणक पाहिजे.

आतां पुतण्यानें मार्गांची चौकशी दर मिनिटास, आणि यंत्रांची संपूर्ण मोजदाद रात्रीं एकदां, अशी वांटणी केली आहे. शिवाय प्रत्येक दिव्याशेजारीं ‘शेवटीं केव्हां विचारलें’ ती वेळ दिसेल, असें केलें आहे. ही शेवटची युक्ति आम्हांस फार आवडली.

त्या रात्रीं तो न जेवतांच निजला. पंधरा दिवस त्याचें असेंच चाललें आहे, हें आमच्या सूनबाईंनीं तेव्हां सांगितलें. एकाच छपराखालीं राहून आम्हीं त्यास हिरवा समजत होतों. शेवटीं केव्हां विचारलें होतें, तें कांहीं केल्या आठवेना.