पहिल्या पानाची पंधरावी ओळ

१७ सप्टेंबर १७८७ रोजी, फिलाडेल्फियाच्या सभागृहात अमेरिकेच्या राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या व्हावयाच्या त्याच दिवशी, एका सभासदाने सूचना मांडली की, चाळीस हजार लोकांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी नसावा ही मर्यादा तीस हजारांवर आणावी. आणि जवळजवळ चार महिने अध्यक्षस्थानी बहुतांशी मौन पाळून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वतः उठून तिचा पुरस्कार केला. जेकब शॅलस या कारकुनाने सारा मसुदा चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत उतरवून ठेवला होता. तरीही तो आकडा खरवडून तेथे ‘तीस’ असे लिहिण्यात आले, आणि पहिल्या पानाच्या पंधराव्या ओळीत खाडाखोड झाली आहे, अशी प्रांजळ नोंद अखेरच्या पानावर करण्यात आली. राजधानीतील राष्ट्रीय दप्तरखान्यात जतन केलेल्या त्या चार पानांवर ती नोंद आजही आहे.

सुमारे ४० लाख लोकवस्तीच्या १३ राज्यांसाठी सिद्ध झालेला हा दस्तऐवज आज ५० राज्यांच्या आणि ३३ कोटींहून अधिक लोकांच्या राष्ट्राचा कारभार चालवण्यास पुरेसा आहे काय? सत्तेचे तीन अंगांत विभाजन, नागरिकांच्या हक्कांची १७९१ सालची सनद आणि राष्ट्राध्यक्षासही कायद्याच्या अधीन ठेवण्याचा निर्धार ही तत्त्वे जीर्ण झाली आहेत, असे मला वाटत नाही. दोष आहे तो पाचव्या कलमात, म्हणजे दुरुस्तीच्या दारातच.

दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत आणि त्यावर तीनचतुर्थांश, म्हणजे आज ३८ राज्यांची मान्यता, अशी त्या कलमाची अट आहे. परिणामी इतक्या वर्षांत अवघ्या २७ दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या १० तर प्रारंभीच एकत्र झालेल्या, आणि १९९२ साली मंजूर झालेली शेवटची दुरुस्तीही १७८९ सालीच सुचवलेली. नव्याने सुचवून मंजूर झालेली अखेरची दुरुस्ती १९७१ सालची आहे. पहिल्या खानेसुमारीच्या वेळी सर्वांत मोठे राज्य सर्वांत लहानाच्या बारा-तेरा पट होते. आज सुमारे ३ कोटी ९५ लाख वस्तीचे कॅलिफोर्निया आणि ६ लाखही वस्ती नसलेले वायोमिंग सिनेटमध्ये प्रत्येकी दोनच सभासद पाठवतात, आणि ही समानता त्या त्या राज्याच्या संमतीवाचून मोडता येणार नाही, असे तेच पाचवे कलम बजावते. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेच्या मतांनी व्हावी, ही दुरुस्ती १९६९ साली प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली; पुढच्याच वर्षी ती सिनेटमध्ये अडली, आणि २००० व २०१६ साली कमी मते मिळवणारा उमेदवार अध्यक्षपदी बसला.

लोकांनी घटना बदलावी हा मार्ग असा बंद झाला, की काळाचे सारे ओझे तहहयात नेमलेल्या नऊ न्यायाधीशांवर येऊन पडते. गर्भपाताचा जो हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली घटनेत वाचला, तो त्याच न्यायालयाला २०२२ साली तीत सापडला नाही. मधल्या काळात या विषयावर घटनेतले एक अक्षरही बदलले नव्हते. निकाल कोणाला रुचला, कोणाला नाही, हा प्रश्न वेगळा; परंतु कोट्यवधी स्त्रियांच्या आयुष्याचा निर्णय न्यायासनावरील माणसे बदलल्याने उलटावा, ही प्रजासत्ताकाची रीत नव्हे. आणि गुलामगिरी रद्द करणारी १८६५ सालची दुरुस्ती तर लाखो सैनिकांचे बळी घेणाऱ्या यादवी युद्धानंतरच होऊ शकली, हेही विसरता येत नाही.

दुरुस्ती सुलभ असली की सत्ताधारी घटनेशी खेळ करतात, हा आक्षेप खोटा नाही. आणीबाणीतील ४२वी दुरुस्ती आपण अनुभवली आहे. परंतु तिच्यातील अनेक तरतुदी पुढे संसदेनेच दुरुस्तीच्या मार्गाने मागे घेतल्या, हेही आपण पाहिले. कोणत्याही पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हे जेफरसन यांचे मत डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटनासमितीपुढे ठेवले, आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियासारख्या असाधारण अटी आपण घातल्या नाहीत, याचे उघड समर्थन केले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, अमेरिकेविषयी आदर बाळगणाऱ्या विद्वानाचे हे मत आहे.

म्हणून अमेरिकेतील विचारवंतांनी आणि मतदारांनी प्रथम हात घालावा तो पाचव्या कलमाला. काम दुष्कर आहे, कारण ते दारही त्याच किल्लीने उघडावे लागेल. तथापि ते टाळण्याने पूर्वजांचा मान राखला जातो, असे कोणी समजू नये. स्वाक्षरीच्या दिवशी, शाई वाळलेल्या चर्मपत्रावरही, चुकीचा वाटलेला आकडा त्यांनी खरवडून काढला आणि तसे लिहूनही ठेवले. त्यांचे अनुकरण करावयाचे असेल, तर ते या बाबतीत करावे.