काचेच्या पेटींतील समुद्र

पोवळें म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांस नवरत्नांतील तांबडा खडा आठवतो. सराफाच्या पेढीवरील त्या खड्यांतील जीव केव्हांच नाहींसा झालेला असतो. परंतु हल्लीं कांहीं हौशी घरांत जिवंत पोवळें, म्हणजे प्रवाळ, काचेच्या पेटींत पाळलें जातें, आणि त्याचीं चित्रें पाहून आमच्या वर्गांतील मुलेंही "गुरुजी, आम्हांला हें जमेल काय?" असें विचारूं लागलीं आहेत. त्यांस व त्यांच्या पालकांस उत्तर द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझें मत प्रथमच सांगतों. प्रवाळ पाळण्यास पैसा लागतो हें खरें. पण त्याहून अधिक नियमितपणा लागतो. ज्याच्यापाशीं तो नाहीं, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये. आणि आपल्या समुद्रांतून उपटून आणलेलें प्रवाळ तर कोणींच घरांत आणूं नये.

प्रवाळ हा दगड नव्हे व वनस्पतिही नव्हे. तो प्राणी आहे. असंख्य लहान जीव एकमेकांस चिकटून राहतात आणि त्यांपैकीं पुष्कळ जाति आपल्याखालीं चुन्याचें घर बांधतात. उथळ पाण्यांतील बहुतेक प्रवाळांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें प्रकाशावर अन्न तयार करून त्याचा मोठा वांटा यजमानास देतें, आणि यजमान त्यास आसरा देतो. पाणी फार तापलें कीं ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतें व प्रवाळ पांढरें दिसूं लागतें. तें त्याच क्षणीं मेलेलें नसतें, उपाशी असतें. पाणी लौकर निवळें-थंड झालें तर वांचतें, नाहींतर मरतें.

पुष्कळांचा समज असा कीं, पेटी लहान तर काम लहान. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ४० लिटरांच्या पेटींतून उन्हाळ्यांत २ लिटर पाणी उडालें, तर पाणी जातें पण क्षार मागें राहतात, आणि हें प्रमाण ३५ वरून जवळजवळ ३७ वर चढतें. ४०० लिटरांच्या पेटींत तेवढेंच पाणी उडालें तर फरक नांवाला पडतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज शुद्ध गोड्या पाण्यानें करावी लागते. खारें पाणी घातल्यास खारटपणा वाढतच जातो.

उष्णतेचीही तीच कथा. पेटींतील पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावें. आमच्या भिवंडीचा वैशाख कसा असतो हें सांगावयास नकोच! पाणी थंड राखण्यास यंत्र पाहिजे, यंत्रास वीज पाहिजे. आणि ह्या गांवांत मागांचा खडखडाट थांबला कीं वीज गेल्याचें आंधळ्यासही कळतें. पाण्याचा प्रवाह थांबतांच त्यांतील प्राणवायु कमी होऊं लागतो. तेव्हां बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरांत नसेल, तर पेटीही नसावी.

शिवाय पेटी भरली कीं लागलीच प्रवाळ ठेवतां येत नाहीं. माशांच्या मलांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु पेटींत रुजण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. पुढें दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. दर लिटरमागें ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे कीं नाहीं हें तपासावें. दिवा रोज ठराविक आठ-दहा तास लावावा. नळाचें पाणी क्लोरीन व इतर द्रव्यें काढल्यावांचून घालूं नये. माउलींनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी: पिण्याच्या पाण्यास जें तांब्याचें भांडें आपण उत्तम मानतों, तेंच ह्या पेटीस वर्ज्य आहे, कारण तांब्याचा अंशही प्रवाळास विषारी ठरतो. उलट, कांहीं बटणांसारख्या दिसणाऱ्या प्रवाळसदृश जीवांत माणसास अत्यंत घातक असें विष असतें. म्हणून उघड्या हातांनीं त्यांस शिवूं नये आणि ते चिकटलेला दगड कधींही उकळूं नये.

आतां कायद्याविषयीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालापासून सर्व पाषाण-प्रवाळांचा समावेश आहे. वाघास जें संरक्षण, तेंच त्यांस. २०२० सालीं मुंबईंतील किनारी रस्त्याच्या कामांत वरळी व हाजी अली येथील प्रवाळ हलवावे लागले, तेव्हां त्यासाठींही ह्या कायद्याखालीं परवानगी घ्यावी लागली. मग दुकानदार "सर्वच ठेवतात" म्हणतो, एवढ्यावर विसंबून आपण मुलाच्या वाढदिवसास चोरीचा माल आणावा काय? जो बाप मुलास खरें बोलण्यास सांगतो, त्यानें आधीं वनखात्याकडे चौकशी करावी, जीव कोठून आला हें विचारावें, आणि उत्तर अस्पष्ट मिळाल्यास रिकाम्या हातानें परतावें.

कोणी म्हणेल, पाहिल्यावांचून प्रेम कसें जडावें? हा आक्षेप रास्त आहे. परंतु पाहण्यास पेटीच पाहिजे असें नाहीं. ओहोटीच्या वेळीं हाजी अलीच्या खडकांवर जाणत्या माणसाबरोबर गेल्यास मुंबईच्याच पाण्यांत प्रवाळ दिसतात. मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य झाला, तेथेंही ते आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर पाण्याखालीं जें विस्तीर्ण प्रवाळ-पठार आहे, त्यास आंग्र्यांचें नांव आहे, हें आपल्या किती मुलांस ठाऊक आहे? २०२४ सालीं जगभर प्रवाळ पांढरे पडल्याचें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. आपलें लक्षद्वीपही त्यांतून सुटलें नाहीं. समुद्रच असा तापत असतां त्यांतील जीव हौसेखातर उचलणें शोभत नाहीं.

तरीही ज्यास ही विद्या शिकण्याची खरी आवड आहे, त्यास मी परावृत्त करीत नाहीं. त्यानें प्रथम एक वर्ष गोड्या पाण्याचे चार मासे पाळावे. परीक्षेच्या दिवसांतही पाणी बदललें, सुटींत गांवीं जातांना सोय लावली, कंटाळा आला म्हणून मासे कामवारी नदींत सोडले नाहींत, एवढें साधलें तर पुढचें पाऊल टाकावें, आणि तेंही कायद्यास मान्य असलेल्या जीवांपुरतेंच. वर्ष संपण्यापूर्वीं हौस विरली, तर पेटी धुवून ठेवावी. त्यांत लाज नाहीं. उलट एक जीव आपल्या हातून मरतांमरतां वांचला, असें समजावें.