आम्ही उधळे नाही

२०२५ च्या प्रायश्चित्तकाळातील चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर मी प्रवचन दिले. दाखला सर्वांच्या परिचयाचा आणि प्रवचनकाराला सोपा. डुकरांच्या शेंगांपर्यंत पोहोचलेल्या त्या तरुणाला आजच्या काळात आणावे म्हणून मी त्याच्या हाती क्रेडिट कार्ड दिले, आणि अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हणही जोडून दिली. मंडळी हसली. प्रवचन साधले याचे मला समाधान वाटले. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी तळोज्याच्या एक भगिनी थांबल्या होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. खालच्या आवाजात त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, आम्ही उधळे नाही.”

प्रस्तुत लेख ही त्या प्रवचनाची जाहीर दुरुस्ती आहे. त्या कुटुंबाच्या अनुमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही अशा रीतीने मी ही हकीकत सांगत आहे. पापनिवेदनाच्या पवित्र गुप्ततेतले यात काहीही नाही. त्यांच्याच घरी, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला जे कागद दाखवले, त्यावर हे आधारलेले आहे.

तळोजा आपल्या वाचकांना अपरिचित नसावे. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या आणि खाजगी बिल्डरांच्या इमारतींच्या रांगा. २०१८ साली सिडकोने १४,८३८ घरांची जी सोडत काढली, तिच्यात येथील घरेही होती. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. अहिल्यानगर, जालना, वसई, रायगड अशा नाना ठिकाणांहून आलेल्या आपल्या कुटुंबांनी आयुष्यातले पहिले मालकीचे घर येथे घेतले. घर मिळाले, पण अडीनडीला धावून येणारे भाऊबंद गावी राहिले. महिनाअखेरीस वहीत मांडून ठेवणारा ओळखीचा वाणी मागे राहिला. शेजारी आहेत, पण ते स्वतःच हप्त्यांत बुडालेले. अशा घरात अडचणीच्या रात्री उरते ते पाकिटातले कार्ड.

या घरातही तेच झाले. सासऱ्यांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची अनामत रक्कम रात्री अकरा वाजता भरायची होती. अंथरूण किती लांब आहे, हे रुग्णालयाने विचारले नाही. कार्ड पुढे केले, काम झाले. त्यानंतर जूनमध्ये शाळेची फी आली. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा किराणाही कार्डावरच येऊ लागला. पहिले कार्ड भरत आल्यावर दुसरे आले आणि दुसऱ्याचा हप्ता भागवण्यासाठी तिसरे. मधल्या काळात थोरल्याच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी हॉल घेतला गेला, शंभर पाने उठली. तेवढा एक खर्च टाळता आला असता, हे दोघांनी आपणहून कबूल केले. त्या समारंभात आशीर्वादाची प्रार्थना म्हणून पहिल्या पंगतीला बसलेला पाहुणा मीच होतो, हेही येथे कबूल केलेले बरे.

तीन कार्डांवरचे मिळून देणे झाले दोन लाख चाळीस हजार. पती-पत्नीची दरमहाची मिळकत बावन्न हजार आणि घराचा हप्ता चौदा हजार. दोघांनी एकदाही तारीख चुकवली नव्हती. विवरणपत्रावर जो ‘किमान देय’ रकमेचा आकडा छापलेला असतो, तो ते दरमहा निष्ठेने भरत आले होते. “आम्ही भरतोय, फादर,” पती म्हणाले, “पण कमी होत नाही.”

ते का कमी होत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. अनेक बँका थकलेल्या कार्डावर दरमहा शेकडा साडेतीन किंवा त्याहून थोडे अधिक व्याज लावतात. दरमहा साडेतीन म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला बेचाळीस. त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या थकबाकीवर महिन्याला ३,५०० रुपये व्याज आणि ६३० रुपये कर, मिळून ४,१३० रुपये. किमान देय रक्कम शेकडा पाच धरली तर माणूस ५,००० रुपये भरतो. त्यांतले केवळ ८७० रुपये मूळ देण्यातून वजा होतात. एकही नवी खरेदी न करता पाच वर्षे तो असाच भरत राहिला, तरी निम्म्याहून अधिक कर्ज शिल्लकच असते. शिवाय पूर्ण रक्कम चुकती केली नाही, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सामान्यतः हातची जाते. शनिवारी घेतलेल्या तांदळावर शनिवारपासून व्याज धावू लागते.

‘किमान’ हा शब्दच फसवा आहे. साध्या माणसाला वाटते, एवढे भरले की आपले कर्तव्य झाले. वस्तुतः एवढे भरले की आपण धनकोला सर्वांत लाभदायक असे ऋणको ठरतो. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कित्येक महिने वा वर्षे लांबेल, असा इशारा विवरणपत्रावर द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बजावले. इशारा छापला जातो. परंतु तो वाचतो कोण?

आता तुलना पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये राज्य शासनाने परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या ऋणकोच्या बिनतारण कर्जावर वर्षाला शेकडा अठराची मर्यादा घातली. दामदुपटीचा आपला जुना दंडक तर व्याजाला मुद्दलाच्या पलीकडे जाऊ देत नसे. ज्या सावकाराच्या वह्या १८७५ साली सुप्याच्या संतप्त शेतकऱ्यांनी जाळल्या, त्याच्या आजच्या वारसाला अठराचे कुंपण आणि वातानुकूलित कार्यालयातल्या धनकोला बेचाळीस मोकळे! राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली कार्डावरच्या व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घालून पाहिली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आयोगाला तसा अधिकार नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे, आणि कायद्याचा तो अर्थ मला शिरोधार्य आहे. परंतु जे कायद्यात बसते ते न्यायातही बसते, असे मानायला ख्रिस्तसभेने मला शिकवलेले नाही.

धर्मगुरूने बँकेच्या व्यवहारात नाक का खुपसावे, असे विचारणाऱ्यांनी जुन्या करारातील नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय उघडावा. दुष्काळात धान्यासाठी शेते, मळे आणि घरे गहाण पडली होती. राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले होते. मुलेमुली दास्यात गेली होती. नहेम्याने त्या लोकांना काटकसरीचे प्रवचन दिले नाही. तो संतापला, आणि संतापला तो धनकोंवर. सभा भरवून त्याने त्यांना घरेदारे परत करायला लावली आणि घेतलेला शंभरावा भागही परत मागितला. अनेक भाष्यकार त्या शंभराव्या भागाचा अर्थ दरमहा शेकडा एक असा लावतात. एका टक्क्याने तो संदेष्ट्याच्या आवेशाने उठला. आम्ही साडेतीन टक्क्यांपुढे म्हणी सांगत बसलो आहोत! आणि विशेष हे, की आपण व आपले भाऊबंदही कर्ज देत होतो, हे तो त्याच सभेत लपवत नाही.

व्याज घेणे हे सर्वथा पापच, असे आज ख्रिस्तसभा म्हणत नाही. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ च्या ‘व्हिक्स पेर्व्हेनित’ या विश्वपत्रात अन्याय्य व्याजाचा निषेध करतानाच न्याय्य मोबदल्याची वाटही ठेवली होती. तथापि दुसऱ्याच्या निकडीवर पिकणारा नफा तिने कधीही पवित्र मानलेला नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयच्या मूळ ग्रीक संहितेत आहे तो शब्द ‘ऋण’ असाच आहे, ‘पाप’ हा लूकचा शब्द. सेमिनरीत हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ तळोज्यातल्या एका टेबलावर उमगला. २०२५ च्या ज्युबिली वर्षात, पोप फ्रान्सिस यांच्या आवाहनाला अनुसरून, गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीसाठी आपण प्रार्थना केल्या, आणि ते योग्यच झाले. पण तिसऱ्या बाकावर बसलेल्या कुटुंबाच्या कर्जाविषयी आपण मौन पाळले.

हे मौन दुहेरी आहे. घरात पती पत्नीला सांगत नाही, पत्नी माहेरी सांगत नाही. वसुलीचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे. चर्चमध्ये मात्र सणाच्या पावतीवर नेहमीचाच आकडा लिहायचा, कारण तो कमी झाला तर कोणीतरी विचारील. कर्ज व्याजाने वाढते हे खरे, पण ते लपवण्याने अधिक वाढते. उधळा म्हणून हिणवले जाईल ही भीती ज्या प्रवचनांनी पेरली, ती प्रवचने या मौनाची भागीदार आहेत. म्हणूनच माझे प्रवचन मला आज सलते.

त्या घराने सुरुवात केली ती कागदापासून. एका संध्याकाळी मुले झोपल्यावर दोघांनी तिन्ही विवरणपत्रे समोर मांडली आणि वहीत प्रत्येक देणे, त्याचा व्याजदर आणि तारीख लिहिली. एकूण आकडा दोघांनी त्या रात्री प्रथमच एकत्र पाहिला. “ह्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं,” त्या भगिनी म्हणाल्या. मग कात्रीने तिन्ही कार्डे कापली गेली. कारखान्यातल्या कामगारांच्या सहकारी पतसंस्थेचे ते सभासद होते, परंतु सहकाऱ्यांना कळेल म्हणून तेथे कर्ज मागायला लाजत होते. ती लाज त्यांनी गिळली. वर्षाला शेकडा बारा दराने दीड लाख मिळाले. त्यातून दोन कार्डे पूर्ण मिटवून रीतसर बंद करण्याचा अर्ज दिला. देणे चुकते असेल तर अशा अर्जावर सात कामकाजी दिवसांत कार्यवाही न करणाऱ्या बँकेला दिवसाला पाचशे रुपये द्यावे लागतील, हेही २०२२ च्या त्याच निर्देशांत आहे. तिसऱ्या कार्डावर उरले नव्वद हजार.

पूर्वी किमान रकमेपोटी दरमहा बारा हजार जात होते आणि कर्ज जागच्या जागी होते. आता पतसंस्थेचा तीन वर्षांचा हप्ता सुमारे पाच हजार आणि कार्डाला दहा हजार, असे पंधरा हजार जातात. या हिशेबाने कार्ड बारा महिन्यांत निकालात निघते. जास्तीचे तीन हजार कोठून आले? मोबाईलचे प्लॅन उतरवले, रविवारचे बाहेरचे जेवण थांबले, आणि धाकटीचा पहिला ख्रिस्तप्रसाद घरीच, आजी-आजोबांच्या सोबतीने करायचे ठरले. तीन हजारांचा हा फरक मोठा नाही. मोठा होता तो त्या रात्री वही उघडण्याचा निश्चय.

येथे कोणी म्हणेल, फादर कर्ज बुडवायला शिकवत आहेत. मुळीच नाही. घेतलेले फेडावे, हा न्याय आहे आणि ते कुटुंब फेडत आहे. तसेच कार्डे न कापता नवे कर्ज काढून जुने भागवणे म्हणजे एक खड्डा बुजवण्यासाठी दुसरा खणणे होय, हेही स्पष्ट सांगतो. परंतु फेडणाऱ्यालाही प्रतिष्ठा असते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, नातलगांना व मित्रांना त्रास देऊन ऋणकोची मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. हे चर्चच्या सूचनाफलकावर लावायला कोणाची हरकत आहे?

आपल्या पूर्वजांनी याहून मोठे काम केले आहे. १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथोलिक समाजाने स्वतःची सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक. त्याही आधी, १४६२ साली, इटलीतल्या पेरुजा नगरात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांना अल्प दराने कर्ज देणारी पेढी निघाली, आणि अशा पेढ्यांना १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने मान्यता दिली. त्या धर्मगुरूंनी हिशेबाच्या वहीला अपवित्र मानले नाही. आपण मात्र सणाच्या रोषणाईचा हिशेब तासभर वाचतो आणि माणसांच्या कर्जाचा विषय निघाला की प्रार्थनेने सभा संपवतो.

माझे मागणे फार नाही. प्रत्येक धर्मग्रामात बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे असतातच. त्यांनी महिन्यातून एका रविवारी, दार लोटून, ज्याला यायचे त्याच्यासोबत वही उघडून बसावे. पाळकीय मंडळाने पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे हॉल आणि पंगती यांविषयी ठराव करावा आणि मंडळाच्या सदस्यांनी तो आधी आपल्या घरी पाळावा. आणि आम्ही धर्मगुरूंनी प्रवचनपीठावरून ऋणकोला हसण्याआधी एकदा त्याचे विवरणपत्र वाचावे.

ते कुटुंब अजून कर्जमुक्त झालेले नाही. वहीची बरीच पाने उरली आहेत. धाकटीच्या त्या घरगुती जेवणाला मला बोलावणे आहे. मी जाणार आहे, आणि जाताना त्या भगिनींची क्षमा मागणार आहे. प्रवचन सर्वांसमक्ष झाले होते, म्हणून क्षमाही सर्वांसमक्ष, या पानावर, आधी मागून ठेवतो.