पत्त्याची परीक्षा यंत्रानेच घ्यावी

वर्ध्याजवळच्या सेगावचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. गांधीजी १९३६ पासून तिथे राहत होते आणि त्यांचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊन पडत होते. शेगाव हे खरेखुरे गाव असल्याने चूक वाटेत कुठे अडतच नव्हती. संगणकाच्या जाळ्यातली पत्त्याची चूकही अशीच असते. माहितीचे पॅकेट भलत्या दाराने आत शिरले किंवा घ्यायचे ते नाकारले गेले, तरी यंत्र बंद पडत नाही, पडद्यावर इशारा येत नाही. म्हणून संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, पत्ते कसे हाताळतो, हे प्रत्येक बदलानंतर स्वयंचलित चाचणीने तपासले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो: लिनक्सचा कोड जगभरचे तज्ज्ञ वाचतात, वरून पिंग लागला की झाले, आणखी चाचणी कशाला? पण पत्त्याचा निर्णय कर्नलमध्ये एका जागी होत नाही. इंटरफेसला पत्ता देणारा भाग वेगळा, मार्ग शोधणारा वेगळा, पॅकेट पुढे पाठवणारा वेगळा. पिंग लागला म्हणून टीसीपी जोडणी होईलच असे नाही, आणि ती झाली म्हणून राउटर झालेले यंत्र तेच पॅकेट पुढे सोडेल असेही नाही. लिनक्सच्या स्वतःच्या चाचणीसंचात सेथ शोएन यांनी लिहिलेली एक चाचणी पत्त्यांच्या प्रत्येक प्रकारासाठी इंटरफेसला पत्ता देणे, पिंग, टीसीपी जोडणी आणि पॅकेट पुढे पाठवणे या चारही गोष्टी करून पाहते. तिला तारा लागत नाहीत, दुसरे यंत्र लागत नाही; नेटवर्क नेमस्पेस आणि आभासी इंटरफेस यांच्या जोरावर एकाच संगणकात छोटे जाळे उभे राहते. तिचा उपयोगही दिसला आहे. उपजाळ्यातला सर्वांत खालचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१००.० सारखा, १९८३ च्या ४.२ बीएसडी या जुन्या प्रणालीशी जुळते घेण्यासाठी लिनक्स दुसरा ब्रॉडकास्ट पत्ता मानत आला होता. हे जुने ओझे २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत उतरले. आधीची वागणूक चाचणीत लिहून ठेवलेली होती, म्हणून नेमके काय बदलले आणि काय जसेच्या तसे राहिले, हे कुणालाही पडताळता आले.

दुसरा आक्षेप असा, की ही चाचणी तपासते ते २४० पासून पुढचे किंवा शून्याने सुरू होणारे पत्ते वापरतो कोण? एकट्या २४०/४ या पट्ट्यात २६ कोटी ८४ लाखांहून अधिक पत्ते आहेत, आणि जगभर पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेचा मुक्त साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तेव्हा हा प्रश्न फिजूल नाही. पण माझे मुख्य उत्तर वेगळे आहे. या चाचणीचा अर्धा जीव नकारात आहे. ०.०.०.० आणि २५५.२५५.२५५.२५५ इंटरफेसला देता येता कामा नयेत, १२७ चा पट्टा यंत्राबाहेर जाता कामा नये, २२४ पासूनचा मल्टिकास्ट पट्टा एकाच यंत्राचा पत्ता म्हणून चालता कामा नये. नकार ढिला पडला तर काय होते, ते डिसेंबर २०१९ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. व्हीपीएनच्या आभासी पत्त्यासाठीचे पॅकेट वायफायच्या इंटरफेसवरून आले तरी लिनक्स त्याला उत्तर देत होता, आणि त्यावरून शेजारचा हल्लेखोर तो पत्ता ओळखू शकत होता. त्याच्या वर्षभर आधी सिस्टिमडी या लिनक्सवरच्या व्यवस्थापक प्रणालीने उलट-मार्ग तपासणी, म्हणजे पॅकेट योग्य दाराने आले का याची तपासणी, सैल केल्याने लिनक्सची अनेक वितरणे या हल्ल्याला उघडी पडली होती. बदल कर्नलबाहेरचा होता, हे मान्य. पण ‘असे पॅकेट नाकारले गेलेच पाहिजे’ ही एक ओळ चाचणीत असती, तर तो गुपचूप पचला नसता.

संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा म्हणत, की चाचणी दोष असल्याचे दाखवते, नसल्याचे सिद्ध करत नाही. खरे आहे. आभासी जाळ्यातल्या यशावरून जगातले सगळे राउटर तसेच वागतील, असेही निघत नाही. पण यातून निष्कर्ष निघतो तो चाचण्या वाढवण्याचा, त्या टाळण्याचा नव्हे. आयपीव्ही६ आल्यावर हे सारे संपेल, ही आशाही फोल आहे. तिथे एका इंटरफेसला अनेक पत्ते असतात आणि निघताना कोणता लावायचा याचे स्वतंत्र नियम पाळावे लागतात.

वर्ध्याच्या बजाज चौकातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल आहे. ही चाचणी खुली आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. वर्धा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी नेटवर्कच्या प्रात्यक्षिकात पिंगवर न थांबता विद्यार्थ्यांकडून ती चालवून घ्यावी, आणि तिच्यात नसलेला एखादा नकार लिहायला लावावा.