कपाटातील काठी

मुख्याध्यापकाच्या कपाटाला जप्तीचे कोठारच म्हणावे, इतका मुद्देमाल त्यात कालपरत्वे साठत जातो. आमच्या नोकरीच्या आरंभी तेथे गोट्या, भोवरे आणि गलोली असत. आता भ्रमणध्वनी असतात. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आम्ही तेथे जी वस्तू ठेवली, तिच्यामुळे आम्हांला आमच्याच विद्यार्थ्यापुढे मान खाली घालावी लागली. वाचकांशी आमचा जुना ऋणानुबंध आहे. म्हणून कबुलीजबाब येथेच देतो.

बारावीतील एक मुलगा लांबट चामडी पेटी घेऊन वर्गात आला होता. उघडून पाहतो तो आत दोन तुकड्यांची एक काठी! शाळा सुटल्यावर चिरंजीव 'पूल' नामक खेळ खेळावयास जातात, असे चौकशीअंती कळले. टेबलावरचे चेंडू काठीने ढकलण्याचा हा खेळ म्हटला की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे धूर, जुगार आणि वाया गेलेली पोरे उभी राहतात. त्याच कुळातील स्नूकर १८७५ साली आमच्याच मध्यप्रदेशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मास आला आणि बिलियर्ड्‌सचे हौशी खेळाडूंचे जगज्जेतेपद १९५८ साली भारतास मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले होते, हे त्या वेळी आमच्या गावीही नव्हते. आम्ही काठी जप्त केली. पेटी खणात मावेना, म्हणून ती माळ्यावर टाकली आणि काठीचे दोन्ही तुकडे कपाटाच्या ओल्या भिंतीकडील कोपऱ्यात तिरपे उभे केले.

चार महिने पाऊस पडला. दसऱ्याच्या सुटीपूर्वी आम्ही उदार मनाने काठी परत केली. मुलाने दोन्ही तुकडे जोडले, काठी आमच्या टेबलावर आडवी ठेवली आणि तळहाताने हलकेच गडगडवली. सरळ काठी अशा वेळी मुकाट घरंगळत जाते. ही मात्र टोकाशी उड्या मारू लागली. मुलगा क्षणभर पाहत राहिला. मग म्हणाला, "असू द्या, सर. मामांची होती."

मामा अमेरिकेत वीस वर्षे त्या काठीने खेळले होते. ते आता हयात नव्हते.

त्यानंतर आम्ही त्या मुलाकडेच शिकवणी लावली म्हणा ना! जे त्याने सांगितले आणि जे मागाहून वाचनात आले, त्याने आम्ही थक्क झालो. या काठीला 'क्यू' म्हणतात. पूलच्या क्यूची लांबी साधारण ५८ इंच आणि वजन १९-२० औंस, म्हणजे सुमारे साडेपाचशे ग्रॅम असते. पुढला निमुळता भाग कठीण मेपल लाकडाचा. त्याच्या टोकाशी शेंबी आणि तिच्यावर १३ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची चामड्याची टिकली. मागला भाग म्हणजे बुंधा. त्यात मेपलमध्ये अबनूस किंवा शिसव अशा गडद लाकडांच्या टोकदार पाचरी बसवलेल्या असतात. पाहणाराला ती नक्षी वाटते. परंतु मुळात तो दोन लाकडांना एकजीव करणारा सांधा आहे.

खरी कसोटी मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी लागते. लाकूड कापले तरी हवेतील ओल शोषणे आणि सोडणे त्याचे थांबत नाही. म्हणून उत्तम कारागीर मेपलचा चौकोनी तुकडा एकदम कातून मोकळा होत नाही. तो थोडेसे कातरकाम करतो आणि तुकडा टांगून ठेवतो. महिने लोटले की पुन्हा थोडे कातून पुन्हा टांगतो. मधल्या काळात जो तुकडा बाक धरील, तो बाजूस सारला जातो. ज्या गोष्टीसाठी कारागिराने महिनोन्‌महिने धीर धरला, ती आम्ही एका पावसाळ्यात मातीमोल केली!

या कलेतील सर्वांत गाजलेले नाव जॉर्ज बालाबुश्का यांचे. १९१२ साली रशियात जन्मलेला हा माणूस १९२४ साली अमेरिकेस आला आणि सुतारकाम करू लागला. एकदा करवतयंत्राने बोट गेले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी लाकडाचे बोट इतके हुबेहूब घडवले म्हणे, की पुष्कळ परिचितांनाही ते ओळखू आले नाही. १९५९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात क्यू घडवावयास आरंभ केला. १९७५ साली ते निवर्तले. उण्यापुऱ्या सोळा वर्षांत सुमारे हजार-बाराशे क्यू त्यांच्या हातून उतरले. विशेष म्हणजे बुंध्यातील पाचरींचे जोडकाम ते पुष्कळदा बर्टन स्पेन किंवा गस झाम्बोटी यांच्यासारख्या अन्य कारागिरांकडून तयार घेत. बालाबुश्कांचे स्वतःचे ते काय? निमुळतेपणाचे प्रमाण, तोल, सांध्याची घट्ट बैठक आणि अखेरचा हात! आघात होताच मुठीत येणारी ती नेमकी, स्वच्छ जाणीव यांतूनच येते. बोटांच्या पुलावरून सरकताना दांडी कोठे जाड झाली, हे बोटांना कळताच कामा नये. गवयाला तंबोऱ्याची जवारी जशी कानाने कळते, तशी खेळाडूला ही गोष्ट हाताने कळते.

अशा वस्तूंच्या मागे संग्राहक लागले नाहीत तरच नवल. बालाबुश्कांचे क्यू आज भारी किमतीस जातात आणि किंमत आली तेथे नकलाही आल्या. १९८६ सालच्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात जो 'बालाबुश्का' दाखवला आहे, तो वस्तुतः त्या धर्तीवर दुसऱ्या कारखान्याने घडवलेला क्यू होता; अस्सल वस्तू चित्रीकरणाच्या धबडग्यात वापरण्याची छाती कोणास झाली नाही! ज्या काठीचे सार्थक आघात करण्यात, तिला आघाताचीच भीती पडावी, हा विचित्र न्याय आहे. तरीही संग्राहकांस आम्ही बोल लावणार नाही. त्यांनी निदान वस्तूचे मोल ओळखले आणि कोरड्या जागी ती जपली. जुन्या क्यूंतील हस्तिदंती जडावकामापुढे मात्र मन अडखळते. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदीचा निर्णय १९८९ साली झाला, तो योग्यच म्हटला पाहिजे.

असो. आमच्या अपराधाचे पुढे काय झाले, ते सांगावयास हवे. बुंधा सुदैवाने सरळ राहिला होता. बाक धरला होता तो पुढल्या दांडीने. मळसूत्राचे माप घेऊन आम्ही अमेरिकेतील आमच्या भाच्यास लिहिले आणि त्याने धाडलेली नवी दांडी मुलाच्या स्वाधीन केली. त्याने ती जोडली, टेबलावर गडगडवली. आवाज झाला नाही.

"पहिल्यासारखी लागते का रे?" आम्ही काही दिवसांनी विचारले.

"चांगली आहे, सर," तो म्हणाला. "पण मामांची निराळी होती."

त्याने खोटे सांगितले नाही, याचे आम्हांला बरे वाटले. वाकलेली दांडी त्याने टाकली नाही. ती त्याच्या घरी मामांच्या तसबिरीशेजारी टांगलेली आहे. आमचे कपाट आम्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतले आहे, आणि आता कोणतीही वस्तू जप्त करण्यापूर्वी आम्ही एवढेच विचारतो: "ही कोणाची?"