उद्यान सर्वांचे

म्हैसूरच्या बन्नीमंटप मैदानावर विजयादशमीच्या रात्री मशालींची कवायत होते. एकाचे पाऊल चुकले, तर सारी रांग बिघडते. उद्यानाचेही तसेच आहे. पाळीव कुत्र्यांना उद्यानात सरसकट बंदी घालणे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये अयोग्य ठरवले. मात्र सार्वजनिक ठिकाणी त्यांना साखळीत ठेवण्याचा सल्लाही मालकांना दिला. प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये, याची खबरदारी न घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार शिक्षापात्र आहे. परंतु धाकाने पाळलेला नियम पहारेकरी दूर होताच मोडतो. धावणाऱ्या मुलाची, काठी टेकणाऱ्या वृद्धाची भीती ज्याला उमगते, तो साखळी आपणहून धरतो, विष्ठा स्वतः उचलतो. अशा मालकांमुळेच उद्यानाचे दार कुत्र्यांनाही उघडे राहते.