शेवचुक रशियातच का राहिले?

रशियन रॉकगायक युरी शेवचुक यांना ऑगस्ट २०२२ मध्ये उफा शहरातील न्यायालयाने ५० हजार रूबलचा, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ८०० डॉलरचा, दंड ठोठावला. रक्कम किरकोळ आहे. मे महिन्यात तिथल्याच मैफलीत त्यांनी हजारो श्रोत्यांना सांगितले होते, की सतत मुके घेत राहावे असे राष्ट्राध्यक्षांचे बूड म्हणजे मातृभूमी नव्हे. स्टेशनवर बटाटे विकणारी गरीब म्हातारी म्हणजे मातृभूमी. (मूळ शब्द याहून रांगडा आहे.) सैन्याची बदनामी केल्याचा ठपका त्यांच्यावर आला.

उफा त्यांना परके नाही. १९५७ साली मगादान प्रांतात जन्मलेल्या शेवचुक यांनी उफातच चित्रकलेचे शिक्षण घेतले, शाळेत ती शिकवली आणि १९८० मध्ये ‘डीडीटी’ हा वाद्यवृंद उभारला. नाव कीटकनाशकाचे! ‘पेरिफेरिया’ या १९८४ च्या ध्वनिमुद्रणावरून केजीबी मागे लागली, तेव्हा शहर सोडून त्यांनी अखेर लेनिनग्राड गाठले.

मात्र ते केवळ सत्ताविरोधक नाहीत, आणि सरकारची अडचण नेमकी तिथेच आहे. १९९५ मध्ये युद्ध पेटलेले असताना ते चेचन्यात गेले आणि सैनिकांसमोर गायले. अशा माणसाला भ्याड किंवा सैन्यद्वेष्टा ठरवणे सोपे नसते. मे २०१० मध्ये त्यांनी तत्कालीन पंतप्रधान पुतिन यांना वृत्तस्वातंत्र्य आणि निदर्शनांचा हक्क यांविषयी समोरासमोर प्रश्न विचारले. पुतिन यांनी आधी त्यांचे नाव विचारले. युरा, संगीतकार, एवढेच उत्तर मिळाले.

युद्ध सुरू झाल्यावर आंद्रेई माकारेविच इस्रायलमध्ये गेले. बोरिस ग्रेबेनश्चिकोव्ह लंडनमध्ये राहतात. दोघांवरही ‘परकीय हस्तक’ हा शिक्का बसला. त्यांच्या मैफलींना परदेशस्थ रशियन गर्दी करतात, आणि आपण परदेशस्थ मराठी माणसे ही गर्दी चांगली ओळखतो: गाणे तेच, टाळ्याही मनापासूनच्या, पण घरी परतताना कोणालाही पोलिसांची भीती नसते.

शेवचुक मागे राहिले. त्याची किंमत दंडाच्या पावतीवर दिसत नाही. त्यूमेनमध्ये मंचावर युद्धसमर्थनाचे ‘झेड’ अक्षर लावण्यास त्यांनी नकार दिला आणि ठरलेली मैफल झाली नाही. कायद्याची रचनाही धूर्त आहे: पहिल्या वेळी दंड, वर्षभरात पुन्हा तीच चूक झाल्यास फौजदारी खटला. पुढचे वाक्य बोलावे की गिळावे, हा हिशेब गायकाने स्वतःच करायचा. शिवाय मैफल थांबली की ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांपासून वादकांपर्यंत साऱ्यांचे उत्पन्न थांबते. तुरुंगात टाकलेला गायक हुतात्मा ठरतो. सभागृह न मिळालेल्या गायकाची बातमीदेखील दोन दिवसांत शिळी होते.